टेबलाखालची लोकशाही

माझ्यामुळे एका शाळेत सकाळी पावणेदहाला बावीस डबे उघडले गेले आणि माझ्या आत्याचा वर्ग जाता जाता राहिला.

आमच्या अप्पांचा निपाणीत छापखाना होता. इतर मुलं बाराखडी गिरवत होती तेव्हा मी मोर्च्यांची पत्रकं वाचत होते. त्यामुळे अन्याय मला लांबून दिसतो (समोरचं खरकटं ताट दिसत नाही, असं आई म्हणते). बेंगळुरूत मी बालवाडीच्या शिक्षिकांना वर्गात जाऊन मदत करण्याचं काम धरलं. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, गळ्यात ओळखपत्र, आणि मी स्वतः लिहिलेलं पत्रक: 'मुलांना हुकूम नको, हक्क द्या.'

पहिलीच शाळा मिळाली मल्लेश्वरमची. तिथे आमची आत्या एकोणीस वर्षं छोट्या गटाला शिकवते. नव्या मुख्याध्यापिकांना ती जुन्या वळणाची वाटत होती. त्या दहा वाजता वर्ग बघायला येणार होत्या. पसंत पडला नाही, तर आत्या वर्गाबाहेर. ऑफिसात कपाटांच्या किल्ल्या सांभाळायला.

"तू मागे बसून नुसतं बघ," आत्या म्हणाली.

"आत्या, तू मुलांना विचारत का नाहीस? सरळ 'चला, बसा' म्हणतेस. ही हुकूमशाही आहे."

"स्वल्प हळू बोल गं. चार वर्षांची पोरं ती. हुकूम कोण ऐकतंय त्यातलं?"

मी उठलेच. "मुलांनो, गाणं की गोष्ट? हात वर करा!"

गाण्याला बावीस मुलांनी दोन्ही हात वर केले. गोष्टीलाही दोन्ही. चव्वेचाळीस विरुद्ध चव्वेचाळीस. मी फेरमतदान जाहीर करणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतली चिन्नू म्हणाली, "डबा."

ठराव आयत्या वेळचा होता. पण सभेतून आलेला ठराव दाबणं माझ्या रक्तात नाही. मंजूर झाला. पाठोपाठ दुसरा आला, डबा टेबलाखाली खायचा. तोही एकमताने. क्षणात खुर्च्या रिकाम्या, आणि जमिनीवर चित्रान्नाचा सडा.

"आता काढ त्यांना बाहेर," आत्या शांतपणे म्हणाली.

मी वाटाघाटींसाठी टेबलाखाली शिरले. चिन्नूने ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर एक शेंगदाणा ठेवला. मागे सरकायला गेले तर ओळखपत्राची पट्टी टेबलाच्या स्क्रूत अडकलेली. तेवढ्यात दारात दोन चकचकीत सँडल दिसल्या. मुख्याध्यापिका आल्या होत्या. आत्याची एकोणीस वर्षं मी पंधरा मिनिटांत बुडवली होती.

आत्या मात्र जमिनीवर बसली आणि कुजबुजली, "उंदीर आलेत वाटतं वर्गात. किती हुशार उंदीर. एकेक शीत, एकेक दाणा उचलून डब्यात ठेवतात. आवाज नाही करत, हं. मांजर दारात उभी आहे."

बावीस उंदीर बाहेर आले. शितं उचलली, डबे बंद केले आणि 'बिळात', म्हणजे चटईवर, गोल करून बसले. मांजरीला हसू आवरेना.

"आणि तो एक मोठा उंदीर राहिला?" त्यांनी विचारलं.

"माझ्या भावाची मुलगी, मॅडम. नवीन आहे. तिला वेळ लागेल."

आत्याचा वर्ग आत्याकडेच राहिला. वर, इतर शिक्षिकांनी दर गुरुवारी तिच्याकडे शिकायला बसावं, असं ठरलं. मीही जाते. मागे बसते. नुसतं बघते.

तत्त्व मात्र सोडलेलं नाही. पहिल्या गुरुवारी मी मुलांना रीतसर विचारलं, "मी रोज येऊ का?" चिन्नूने हात मोजले. तीन. एक आत्याचा होता. उरलेले दोन माझे.