चारठाण्यातले अकरा फोटो

आमच्या फोटो क्लबाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर जो फोटो छापायचं ठरलं होतं, तो मी काढलेला नाही. चौदा वर्षं तो माझ्या नावावर आहे. चष्मा लावून स्वतःच्या तळहाताकडे बघणारी म्हातारी, एवढं म्हटलं तरी परभणीतल्या जुन्या सभासदांना तो आठवतो. हे आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि त्यात एका माणसाचं नुकसान झालं.

क्लब तेव्हा अठरा-वीस जणांचा होता. माझ्यासारखे दोन-तीन मास्तर, औषधाचे दुकानदार, एक दाताचे डॉक्टर, वकील, आणि रेल्वेचे एक फाटकवाले. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचो. खिडकीच्या गजांना सुतळी बांधायची आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लटकवायचे. खाली नाव नाही, नुसता आकडा. तासभर सगळ्यांनी बघायचं, बोलायचं. आपल्या फोटोवर कुणी कितीही तोंडसुख घेतलं तरी गप्प बसायचं. शेवटी एकेक आकडा पुकारला की ज्याचा फोटो असेल त्यानं उभं राहायचं. तोंडानं काही सांगायची पद्धत नव्हती.

मी चिटणीस होतो. आकडे मीच लिहायचो. नियमांची वही माझ्याच अक्षरात आहे, आणि कॅमेरा कुणाचाही असो, बटण ज्यानं दाबलं फोटो त्याचा, हा नियमही मीच सुचवलेला आहे. दोन सभासदांचं एका बगळ्याच्या फोटोवरून भांडण झालं होतं आणि ते अबोल्यापर्यंत गेलं होतं. त्यावरचा तो तोडगा होता.

फाटकवाले पूर्णेजवळच्या एका फाटकावर होते. पाळी जुळली तरच सकाळच्या गाडीनं यायचे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. गाडी येईपर्यंत निवांत थांबायची सवय असल्यामुळं असेल, पण त्यांच्याइतका स्थिर उभा राहणारा आमच्यात दुसरा कुणी नव्हता. कमी उजेडात आम्ही तिपाई शोधत फिरायचो, तोवर त्यांचा नुसत्या हातात कॅमेरा धरून फोटो काढून झालेला असायचा. दाताचे डॉक्टर म्हणायचे, "तुमचा हात मला आठ दिवस द्या, थोड्या दाढा काढून घेतो."

"देतो की," ते म्हणायचे. "मग फाटक तुमी पाडा."

त्या हिवाळ्यात आम्ही चारठाण्याला गेलो होतो. सकाळचा उजेड देवळांच्या दगडावर येतो तोवर तिथं पोचायचं म्हणून पहाटेच निघालो होतो. दहा वाजेपर्यंत सगळ्यांचं खांब आणि कोरीव काम काढून झालं आणि चहाची आठवण झाली. तेवढ्यात फाटकवाल्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. देवळाच्या ओट्याजवळ गावोगाव चष्मे विकणारा एक चष्मेवाला सायकल लावून उभा होता. ते तिकडंच बघत होते.

"सर, तुमचा देता का जरा? तुमी चहा घेऊस्तोवर."

मी गळ्यातला काढून दिला. अर्ध्या तासानं परत आलो तर ते ओट्याच्या पायरीवर बसले होते. कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाले, "अकरा काढलेत. बगा काही जमलंय का."

घरी येऊन मी ते संगणकावर उघडले. चौथा फोटो बघितला आणि खुर्चीतून उठलो, खोलीत एक चक्कर मारली आणि पुन्हा येऊन बसलो. म्हातारीनं चष्मा लावलाय. चष्मेवाल्यानं आरसा तिच्यासमोर धरलाय, पण तिचं आरशाकडं लक्षच नाही. ती आपला तळहात डोळ्यांजवळ नेऊन रेषा बघतेय. मागं देवळाच्या भिंतीवर झिजून गेलेले दगडी चेहरे. चाळीस वर्षं मी कॅमेरा वापरतोय. असा एकही फोटो माझ्याकडं नव्हता आणि आजही नाही.

पुढच्या बैठकीच्या दिवशी त्यांची फाटकावर पाळी होती, ते येणार नव्हते. गैरहजर सभासदाचा फोटो दुसऱ्यानं लटकवायची मुभा होती. तेवढ्याच हेतूनं मी तो छापून नेला, हे आजही शपथेवर सांगेन. त्याला नऊ नंबर दिला आणि माझे दोन त्याच्या शेजारी लावले. त्या दिवशी कुणी माझ्या दोन फोटोंपाशी थांबलं नाही. नऊ नंबरपाशी मात्र सगळे दाटीवाटीनं गोळा झाले. वकील म्हणाले, "म्हातारीला आयुष्यात पहिल्यांदा नीट दिसलंय बघा. नवी नजर आलीय." सगळ्यांनी माना हलवल्या. त्या फोटोला 'नवी नजर' हे नाव तिथंच पडलं.

आकडे पुकारायला सुरुवात झाली. नऊ म्हटल्यावर मी उभा राहिलो.

मी विचार करून उभा राहिलो असं नाही. पण बसायला कुणी अडवलं नव्हतं. "हा फाटकवाल्यांचा" एवढं बोलायला किती वेळ लागला असता? टाळ्या थांबल्यावर मी बसलो.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "सर, माझे कसे आले हो?"

"सगळेच हललेत," मी म्हणालो. "पुसून टाकले."

ते म्हणाले, "अकराबी?"

"अकराही."

खरं तर मी एकही पुसला नव्हता. ते अकराही एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले होते आणि दर वेळी नवीन संगणक घेतला की त्यावर उतरवून घेत होतो. का, ते मला सांगता येत नाही.

वर्षाच्या शेवटी प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांनी तो फोटो बघितला. मी दाराशी होतो, तरी मला त्यांची पाठ दिसत होती. मनात म्हटलं, आता वळतील आणि सगळ्यांसमोर बोलतील. ते वळले, माझ्याकडं आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"सर, तुमी बी तिथूनच काढला व्हय? मी जिथं बसलो हुतो तिथून?"

"हो," मी म्हणालो. "चहा घेऊन आल्यावर. तुम्ही उठून गेल्यावर ती परत आली होती."

"एकच जागा, एकच म्हातारी." ते हसले. "तुमचा आला, माझा हलला. हात गेला म्हनायचा."

त्यानंतर ते दोन बैठकांना आले, पण फोटो आणला नाही. मग येणंच थांबलं. कुणीतरी सांगितलं की त्यांनी कॅमेरा पुतण्याला देऊन टाकला. क्लबात कुणी विषय काढला की मी म्हणायचो, पाळ्या फार कडक झाल्यात.

यंदा स्मरणिका काढायचं ठरलं. मुखपृष्ठासाठी नव्या मंडळींनी एकमतानं तोच फोटो निवडला आणि माझ्याकडं त्याची आठवण लिहून मागितली. मी तीनदा लिहायला बसलो. खोटी आठवण लिहायची तर प्रत्येक बारकावा नव्यानं रचावा लागतो आणि माझ्यात आता तेवढा जोर नाही. चौथ्या दिवशी माझ्या पुतणीचा लॅपटॉप मागून घेतला, त्यात ते फोल्डर टाकलं आणि पूर्णेची गाडी धरली.

ते निवृत्त होऊन घरीच असतात. वहिनींनी चहा आणला. मी लॅपटॉप उघडायला लागलो तशा म्हणाल्या, "फोटो दाखवायला आनलाव व्हय? ह्यांनी कॅमेरा दिल्यापासून माझा एक फोटो न्हाई. आधी तरी कुठं हुता म्हना, खांबच काढायचे."

"खांब हलत न्हाईत," ते म्हणाले.

मी चहा न पिता सगळं सांगितलं. क्रमानं, जसं इथं लिहिलंय तसं. वहिनी उठून आत गेल्या. ते माझ्याकडं बघतच नव्हते, माझ्या हातातल्या कपाकडं बघत होते.

"म्हंजे हात गेला नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"चौदा वर्स."

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या. दाखवा."

त्यांनी चष्मा पुसून लावला आणि एकेक फोटो बघितला. बघायला फार वेळ घेतला. "हे हललंय," ते एका ठिकाणी म्हणाले. पुढं आणखी एकावर, "हे बी." बाकी नऊ नीट होते. चौथ्यावर ते थांबले नाहीत. सातव्यावर थांबले. त्यात म्हातारी चष्मा परत देतेय. चष्मेवाल्याचा हात पुढं आलाय, तिची मान खाली आहे, दुसऱ्या हातानं ती पदर सावरतेय. इतकी वर्षं तो माझ्याकडं आहे, पण मी त्याच्याकडं कधी धड बघितलं नव्हतं.

"चष्मा घेतला न्हाई तिनं," ते म्हणाले. "लय येळ लावून बगितला, हात बगितला, आनि परत दिला. मी त्येच्यासाठीच बसलो हुतो तिथं. छापायचा तर हा छापा."

मी म्हणालो, "सगळ्यांना चौथा माहीत आहे. वकिलांनी त्याला नाव दिलंय."

"वकील तिथं हुते का? चहा प्यायला गेलते तुमच्यासंगं."

मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले नाहीत. आतूनच म्हणाले, "काय केलं ते लिहा. आनि छापायच्या आधी मला वाचून दाखवा."

परवा फोनवर हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. मी किती वाईट माणूस आहे असा एक लांब परिच्छेद होता, तो त्यांनी काढायला लावला. म्हणाले, त्यात तुमचंच कौतिक हाय. बाकी ठीक म्हणाले. माफीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

मुखपृष्ठावर सातवा फोटो जातोय, त्यांच्या नावानं. तो पाहून दोन सभासदांनी मला विचारलं की चौथाच जास्त देखणा नाही का. मलाही तसंच वाटतं. पण तो निवडायचा अधिकार माझा नव्हता, तेव्हाही आणि आताही.