सुनंदाच्या हातावरची पाचवी ओळ

सुनंदा गेल्याचं मला तिच्या धाकट्या बहिणीच्या, शोभाच्या फोनवरून कळलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रॅक्टिकलची तयारी करत होते. "मॅडम, उद्या तुमची वेळ होती नं ताईकडं... ताई नाही राह्यली." सकाळी बुद्धवंदनेला बसली असताना छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगायची लाज वाटते : आता माझ्या हनुवटीचं काय? मग स्टुलावर बसले आणि पोटभर रडले. त्याला आता महिना होत आला.

सुनंदा यवतमाळात विजेच्या सुईनं चेहऱ्यावरचे नको असलेले केस कायमचे काढून द्यायची. पाटीवर 'इलेक्ट्रोलिसिस' असं लिहिलेलं होतं, पण बायका तिला 'सुईवाली'च म्हणायच्या. मी बाभुळगावला जीवशास्त्र शिकवते. वर्गात हार्मोन्सवर तासभर न अडखळता बोलते, पण स्वतःच्या हनुवटीवरचे जाड केस रोज न्हाणीचं दार लावून चिमट्यानं उपटायची. नवऱ्यालाही कधी कळू दिलं नाही. चाळिशीत धीर करून एकदाची तिच्या खोलीत गेले, तर बाईनं सुई हातातच घेतली नाही. नुसते प्रश्न. "नकली कानातल्यानं कान खाजते का? शुगर हाय का? जुनी जखम भरल्यावर तिथची कातडी फुगून राह्यते का? छातीत मशीन-गिशीन बसवलं का?" मी म्हटलं, "अगं, मला केस काढायचेत, स्थळ नाही पाहायचं." ती हसली नाही. काही जणींना सुईच्या धातूचंही वावडं असतं, त्यांच्यासाठी तिच्याकडे सोन्याचा मुलामा दिलेल्या सुया असायच्या. तिनं माझ्या जबड्याखालचे मोजून पाच केस काढले आणि म्हणाली, "आठ दिवसानं या. तुमची कातडी काय म्हणते ते पाहू." एवढ्यासाठी भर उन्हात आले होते मी! चिडले, पण आठ दिवसांनी गेलेच.

जात राहिले, कारण मला ते सगळं पाहण्यात रस वाटायला लागला होता. दरवेळी नवी सुई, पाकीट माझ्यासमोर फोडलेलं. सुई केसाच्या बाजूनं मुळापर्यंत सरकायची, करंट लागला की चुरचुरायचं, आणि केस अलगद हाती यायचा. "ओढावा लागला तर समजा करंट मुळाशी गेलाच नाही," ती म्हणायची. मी तिला शरीरातलं मीठपाणी आणि वीज मिळून मुळाशी क्षार कसा तयार होतो ते समजावलं, तर तिनं भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुमी पुस्तकात वाचलं, आता इथं पाहा." दोन लागून असलेले केस ती एका दिवशी कधीच काढायची नाही. लाली किती वेळ टिकली, सूज कधी उतरली, खपली धरली का, हे दुसऱ्या दिवशी फोनवर विचारायची. दवाखान्यातल्या नर्ससारखं नाही, तर वावरात काय उगवलं हे शेजारीण विचारते तसं. तिची सक्त ताकीद असायची, तीन दिवस तोंडाला पाण्याशिवाय काही लागता कामा नये.

आणि एकदा तिच्याकडून सुई लावून आले, तर नेमकं दुसऱ्याच दिवशी मी केळापूरला भाचीच्या हळदीला गेले. नवरीला लावून उरलेली उष्टी हळद एकमेकींना लावायला बायका सरसावल्या, मावशी म्हणून पहिला मान माझा. नको म्हणायचं तर काहून नको, हे सांगावं लागलं असतं. मी तोंड पुढं केलं आणि सतराजणींनी गालापासून हनुवटीपर्यंत मला तेलात कालवलेली हळद चोपडली. तिसऱ्या दिवशी हनुवटीवर पुवाचे फोड उठले. सुनंदा फोड पाहून पांढरीफटक पडली. "तुमी काही लावलं व्हतं का?" तिनं विचारलं. मी, कॉलेजात शिकवणारी बाई, तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "नाही गं. तू सांगितलं तसंच केलं सगळं."

तिनं मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं, मलम आणून दिलं आणि खोली बंद केली. येणाऱ्या प्रत्येक बाईला सरळ सांगायची, एका ताईले त्रास झाला, कारण सापडलं का मंग सुरू करीन. यवतमाळ केवढंसं! आठवड्यात सगळीकडे झालं की सुईवालीच्या मशीननं एका बाईचं तोंड जाळलं. तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले तेव्हा ती खिडकीत डावा हात पसरून बसली होती. मनगटापासून कोपरापर्यंत लाल ठिपक्यांच्या चार ओळी. तिनं स्वतःलाच सुई लावून पाहिली होती : वरच्या ओळीत करंट कमी, खाली खाली वाढवत नेलेला. रोज भिंगातून पाहत होती. "सांगा नं मॅडम, तुमी सायन्सवाल्या. चौथ्या ओळीतही तुमच्यासारखं नाही उठलं. मंग तुमालेच काहून उठलं?" ती मला पकडत नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं... मी तिथंच सांगून टाकलं.

मला वाटलं, आता ही दार दाखवील. तिनं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, "हळद कोणती व्हती? घरी कुटलेली का पुड्याची?" तेल कोणतं, हात धुतले होते का, सगळं विचारून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी तिनं हातावर पाचवी ओळ काढली, तिच्यावर हळद-तेल चोपडलं! त्या ओळीत तीन फोड आले आणि पुढं काळा डाग राहिला, तो कायमचाच. "हळद वाईट नाही मॅडम. पण भोकं उघडी असतेत नं, अन् त्यात सत्रा जणींचे हात." खोली परत उघडली तेव्हा प्रश्नांमध्ये एकाची भर पडली होती : "आठ दिवसांत घरी हळद हाय का?" मी म्हटलं, लोकांना खरं काय ते सांग. म्हणाली, "गिऱ्हाइकाची चूक हाय म्हटलं तर कोण व्हय ते, हेच पहिले इचारतीन. इथं येणाऱ्या बाईचं नाव मी बाहेर जाऊ देत नाही." निम्म्या बायका परत आल्या नाहीत. तिनं त्याबद्दल मला कधी एका शब्दानं टोकलं नाही, उलट माझ्या हनुवटीची काळजी जास्तच घ्यायला लागली.

तिच्या घरी तिच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना, त्रिसरण, पंचशील झालं, फोटोला फुलं वाहिली. जेवताना माझ्या बाजूची बाई तिच्या शेजारणीला हळूच म्हणाली, "बाई चांगली व्हती, पण एकीचं तोंड जाळलं व्हतं म्हणे तिनं." शोभा समोरच वाढत होती. तिनं ऐकलं आणि मान खाली घातली. मी... मी तेव्हाही भाताकडं पाहत राहिले. घरी येऊन चार दिवस स्वतःचाच राग राग केला, मग काल नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला काय सांगतेस, पेपरात लिही." म्हणून हे माझ्या नावानिशी लिहिते आहे. शोभा, हे कापून खोलीच्या दारावर लाव. ती बाई मी. मशीन चांगलं होतं, सुनंदाचा हात चांगला होता, आणि खोटं मी बोलले होते.