मालकांच्या पंगतीत आई
कडुलिंबाचा पाला उकळल्याचा वास आला की दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली, कोपरगावजवळची ती जेवणावळ आठवते. माझी आई एका बागायतदाराच्या घरी धुणीभांडी करायची. तिच्या आणि मालकीणबाईंच्या छातीत एकाच उन्हाळ्यात गाठ आली. मालकांनी बायकोला मोटारीतून मुंबईला नेलं, ऑपरेशन करून आणलं. आईनं हात जोडून स्वतःच्या उपचाराचं विचारलं तेव्हा म्हणाले, "तुला काय हुतंय? एरंडाचं पान बांध." वर्षभरात गाठ फुटली. मी कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची, तरी घरभर कुजका वास राहायचा. अशात मालकीणबाई बऱ्या झाल्या म्हणून मालकांनी सत्यनारायण घालून गावजेवण दिलं. आई म्हणाली, "मला तितं न्हे. पंगतीत बसव." मी तिला पाठुंगळी घेऊन गेले आणि पाहुण्यांच्या मधोमध बसवलं. वास पसरला तशी माणसं नाकाला पदर-उपरणी लावून पानांवरून उठू लागली. मालक धावत आले, "हिला घेऊन जा आधी!" मी मोठ्यानं म्हणाले, "मालकीणबाईंना झाल्तं तेच हाय हे. त्यांना मुंबई घावली, हिला एरंडाचं पान." आई मालकांकडे बघत सावकाश बुंदी खात राहिली. तिचं झाल्यावरच मी तिला उचललं. त्याच महिन्यात ती गेली. मालकीणबाई मात्र नातसुना बघून गेल्या. लोक म्हणतात, आता तरी तो राग सोडून दे. मला वाटतं, तिला आणखी थोडा वेळ तिथं बसवायला हवं होतं.