उताणं बाळ

हे मी आजपर्यंत कोणाजवळच बोलली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. कळंबच्या चिंतामणीपुढे दोनदा ठरवून खोल गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरली, हात जोडले — अन् दोन्ही वेळा पोराच्या परीक्षेचं मागून वर आली. आता तुमच्याजवळ काहून बोलून राह्यली, ते मलेच ठाऊक नाही. बसा जरा. मधात उठून गेलात तरी चालेल.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी चोवीस वर्षांची, नागपूरला शिकून आलेली, नवीकोरी सरकारी नर्सबाई. बाभुळगावच्या बाजूला एका खेड्यात माझी खोली, अन् तिथून कोसभरावर बंजाऱ्यांचा तांडा, तोही माझ्याच हद्दीत. पांढरी साडी, हातात पेटी, नाकावर राग. बाप्पा, काय तोरा होता माझा!

तांड्यात बाळंतपणं करायची सोनकी याडी. याडी म्हणजे आई. सारा तांडाच तिला याडी म्हणायचा. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, त्या वर सारायच्या अन् मग पोटाला हात लावायचा, अशी तिची रीत. मी तिला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होती. काहून? तिनं माझं काय घोडं मारलं होतं? काहीच नाही. बाया तिला आधी बोलवायच्या, मला मागून — बस, एवढंच.

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याची सून शांती, तिचं पहिलं बाळंतपण. पहाटेपासून कळा, पण साऱ्या पाठीत. मणक्यावर कोणी वरवंटा फिरवून राह्यलं असं पोरगी तळमळत होती. सोनकीनं बांगड्या सारल्या, पोट चाचपलं अन् मला म्हणाली, "बाई, लेकराची पाठ मायच्या पाठीले लागून हाये. उताणं हाये ते, आभाय पाहून राह्यलं. इले पालथी करा, वयते ते."

पालथी केली की लेकरू पोटातच वळतं, असं तिचं म्हणणं. आता खरं सांगते, उताणं लेकरू माझ्याही हाताला लागलं होतं. बेंबीखाली खळगा, लेकराचे हातपाय पुढून. पुस्तकात होतं हे. पण पुस्तकातल्या चित्रातली बाई उताणी निजलेली होती, म्हणून माझीही उताणीच निजणार! मी सोनकीला बाहेर काढलं. शांतीला रबरी चादरीवर पाठीवर निजवलं, गुडघे मुडपायला लावले अन् जोर दे म्हटलं. एक तास, दोन तास, चार तास. डोकं तसूभर सरकेना. आणि मग — दवाखान्यात न्यायला गाडी जुंपायला सांगून येते, असं म्हणून मी उठली.

गाडीचं कोणाला सांगितलं नाही. तांड्यामागे मोहाचं झाड होतं, त्याच्याखाली जाऊन बसली. बसून राह्यली. आत बाई ओरडून राह्यली, अन् सरकारी नर्सबाई झाडाखाली बसून नखं खाऊन राह्यली! डोक्यात एकच, की ही मेली तर माझं काय होईल. तिचं काय होईल हे नाही, माझं.

परत आली तेव्हा सोनकी आत होती. शांती गुडघ्यांवर, हात बाजेच्या काठावर टेकलेले. पोटाखालून ओढणीचा झोळ करून सोनकी तिला हळूहळू डोलवत होती, जात्यावर बसल्यासारखी, एका लयीत. काही गुणगुणतही होती. मी दारात उभी राहून सारं पाहिलं. थोड्या वेळानं शांतीच्या पोटाचा आकारच बदलला, कूस भरल्यासारखी दिसली; लेकरू वळलं होतं. शांती म्हणाली, "याडी, पाठ सुटली." अन् मग अर्ध्या तासात डोकं आलं. डोकं दिसलं तशी मी पुढे झाली, जन्मलेल्या पोरीला हातात घेतलं, नाळ कापली. सोनकी बाजूला सरली. तिनं जागा दिली मला!

रजिस्टरमध्ये माझं नाव लागलं. यवतमाळच्या मीटिंगमध्ये मोठ्या बाईंनी — आमच्या तपासणीच्या बाईंनी — साऱ्या नर्सांपुढे मला उभं केलं. उताणं बाळ असून घरीच बाळंतीण मोकळी केली, शाबास. टाळ्या वाजल्या. मी खाली पाहून हसली, लाजल्यासारखी.

हेच पाप का? नाही हो. एवढंच असतं तर केव्हाच हसून सांगितलं असतं.

तांड्यात गोष्ट पसरली, की नर्सबाईला जमलं नाही ते याडीनं केलं. त्यानंतर तीन बायांनी मला बोलावलंच नाही. मला धास्ती पडली. हे यवतमाळला कळलं म्हणजे? मग मी काय केलं — थांबा, पाणी पिते.

मी नायकाकडे गेली. शांतीच्या सासऱ्याकडे. पेटीतून एक कागद काढला, गोल शिक्क्याचा, अन् त्याच्यापुढे धरला. म्हटलं, वरून हुकूम आला आहे. सोनकीनं यापुढे कोण्या बाळंतिणीला हात लावला तर पोलीस केस होईल, तिच्यावर अन् त्या घरावर. नायकाला वाचता येत नव्हतं. त्यानं शिक्क्यावरून बोट फिरवलं अन् मान हलवली. त्या कागदावर काय होतं, सांगू? फिनेल, कापूस, बोरिक पावडर. माझ्या सामानाची यादी.

त्या दिवसापासून सोनकी घरी बसली. वाटेत दिसली तर म्हणायची, "बाई, मी कोनाले हात नाही लावला बरं." मला शपथेवर सांगायची बिचारी! मी 'बरं' म्हणून पुढे जायची.

दोन वर्षांनी शांती दुसऱ्यांदा दिवसांत आली. कापूस फुटला होता, अर्धा तांडा वेचणीला गेलेला. सकाळी निरोप आला. नेमकी त्याच दिवशी मोठ्या बाईंची तपासणी. त्यांची जीप मला घेऊनच तांड्यात आली. मी शांतीच्या पोटाला हात लावला. तसंच, बेंबीखाली खळगा. मोठ्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "हीच ना तुमची ती केस? यंदाही तुम्ही सोडवालच."

आणि शांती, बाजेवर उताणी, माझा हात धरून म्हणाली, "बाई, मले पालथी होऊ द्या. मांगच्यासारखी."

काय करायचं होतं मला? एक कूस वळवायची. दोन हातांचा आधार. येत होतं मला ते, डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिला पालथी केली असती तर मोठ्या बाईंनी विचारलं असतं, हे कुठं शिकलात? अन् शांती पडली भोळी, पटकन सांगून टाकती. मी तिचा खांदा दाबून धरला. म्हटलं, "चूप पडून राह्य. मले शिकवू नको." तिनं पुन्हा उठायला पाहिलं. मी पुन्हा दाबली. माझ्या बोटांचे वळ उठले होते तिच्या दंडावर.

तुम्ही म्हणाल, वरची बाई समोर होती, भ्याली असेल. असंच म्हणत आली मी मनाशी इतकी वर्षं. पण मोठ्या बाई चहा घेऊन बारा वाजता निघून गेल्या! त्यानंतर तीन तास मी होती, शांती होती अन् तिची सासू होती. तेव्हा कोणाची भीती होती? सकाळपासून जे चुकीचं केलं ते सासूपुढे चुकीचं ठरलं असतं, एवढीच. शांती दोनदा आणखी म्हणाली. मग बोलायची थांबली. सोनकी समोर वीस पावलांवर आपल्या दारात बसून होती, उन्हात, इकडेच पाहत. एक हाक मारायची होती. मी दार लोटून घेतलं.

गाडी जुंपायला सांगितली तेव्हा दिवस कलला होता. बैल येईपर्यंत लेकरू आलं. तसंच उताणं, आभाळाकडे तोंड करून. मुलगा होता. निळा पडलेला. मी उलटा धरला, थोपटला, तोंडात फुंकर घातली. तो रडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शांतीला पाहायला गेली. दारातच सोनकी भेटली. हात बांधल्यासारखे ओढणीखाली घेतलेले. हळूच म्हणाली, "बाई, एकच इचारतो. इले पालथी केलती का?"

मी म्हटलं, "हाव. केलती."

"झोका देल्ता?"

"देल्ता. तू देल्ता तसाच."

तिनं ओढणीखालून हात बाहेर काढले. मग म्हणाली, "मंग तिचं नशीब. तुमी लय केलं, बाई." अन् माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली. माझी दृष्ट काढली तिनं! मी उभी राहून काढून घेतली.

आत, बाजेवर शांती जागी होती. तिनं शब्द न् शब्द ऐकला. माझ्याकडे पाहिलं अन् भिंतीकडे तोंड केलं. तिनं हे सोनकीला कधीच सांगितलं नाही, सासूनंही नाही. खरं कळलं तर म्हातारी माझ्याशी भांडायला उठेल अन् पोलीस केस होईल, म्हणूनच दोघी गप्प राह्यल्या असतील. ते भय तरी कोणाचं होतं? माझ्याच फिनेलच्या यादीचं.

पुढे मी तिथं सहा वर्षं होती. पाठीतल्या कळांची एखादी बाई निघाली, की लोक लपूनछपून सोनकीला विचारायला जायचे. ती सांगायची, "ते वयवनं काही खरं नाही रे बाबा. शांतीले बाईनं वयवलंतं, तरी लेकरू गेलं." तिनं ते पुन्हा कधी केलं नाही, सुनेलाही शिकवलं नाही. मेली तेव्हा तिच्याबरोबरच गेलं ते.

मी तिच्या मातीला गेली होती. शांती बायांमध्ये बसली होती, पहिली पोरगी मांडीला टेकलेली. बाया रडता रडता एकमेकींना सांगत होत्या, याडी शेवटपर्यंत नर्सबाईचं नाव काढायची. शांतीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पदर डोळ्यांना लावला.