देवापुढं दुपट्टा काढायचा की ठेवायचा?

आमच्या चर्चच्या दाराशी दर रविवारी चपलांचा ढीग साचतो, तसेच किस्सेही साचतात. फरक एवढाच, की उपासना संपली की चपला आपापल्या मालकाबरोबर घरी जातात आणि किस्से तिथंच पडून राहतात. कुणीतरी ते उचलायला हवेत ना! मंडळी मला म्हणतात, "मॅडम, तुमाले तं कायबी दिसते." दिसतं खरं. प्रार्थनेत डोळे मिटून बसावं, तर माझा एक डोळा आपोआप किलकिला होतो. त्याला मी काय करू?

चर्च म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. आमगावच्या रेल्वे रुळांना लागून एक लांबट खोली, वर पत्रे, खाली अंथरलेली सतरंजी. मधून वाट सोडलेली. उजवीकडं पुरुष, डावीकडं बाया. बाहेर कडुलिंब आणि नळ. देवाला मान द्यायचा याबद्दल इथं कुणाचं दुमत नाही. कसा द्यायचा, यावर मात्र घरटी एक मत आहे!

* * *

पहिली फजिती माझीच. मी नागपूरची. आमच्या तिकडच्या चर्चमध्ये बाकं, फरशी, आणि रविवारी घालायचे खास सँडल. लग्न होऊन आमगावच्या शाळेत बदली घेतली आणि पहिल्याच रविवारी ते सँडल टकटक वाजवत मी थेट पुढपर्यंत गेले. गाणं थांबलं. सगळी मंडळी माझ्या पायांकडं बघतेय!

सिलासकाका उठले. काका रेल्वेतून रिटायर झालेले. चर्चची किल्ली त्यांच्याकडं आणि नियमही त्यांच्याकडंच. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, मोशेलेबी काढा लागल्या होत्या."

मी मुकाट्यानं परत गेले आणि सँडल दाराशी ठेवले. बायबलातल्या ज्या मोशेला जळत्या झुडपातल्या देवासमोर जोडे काढावे लागले, त्याच्यापुढं माझी काय पत्रास!

पुढं एकदा मोठ्या शहरातून एक पाहुणे प्रवचनाला आले. देवाच्या घरी जायचं म्हणून सूट, टाय, चकचकीत बूट. दाराशी लेस सोडता सोडता घामाघूम झाले. मग गुडघे टेकून इतकी सुंदर प्रार्थना केली, की बाया डोळे पुसू लागल्या. फक्त मागून त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला दिसत होता. सिलासकाका नंतर म्हणाले, "मानूस भारी. पन देवासमोर आलं का कायबी लपत नाही जी!"

* * *

आमचे पाळकसाहेब नाशिककडचे. तरुण, अभ्यासू, आवाज खणखणीत. आल्या आल्या त्यांची गाठ पडली मालगाडीशी.

रूळ इतके जवळ, की गाडी आली की पत्रे थरथरतात आणि पुढच्या रांगेलाही काही ऐकू जात नाही. पहिल्या रविवारी साहेब गाडीच्या वरताण ओरडून प्रार्थना करायला गेले. घसा बसला, गाडी काही थांबली नाही. तेव्हापासून त्यांनी शहाणपणा केला. गाडी आली, की शब्द जिथं असेल तिथं थांबतात. मंडळी मान खाली घालून तशीच उभी. गाडी गेली, की पुढचा शब्द.

माझे नागपूरचे भाऊजी एकदा आले होते. अशी दोनदा गाडी गेली. बाहेर पडल्यावर गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडं रेल्वेला बराच मान देतात!"

हसले मी, पण खरं सांगू? पाळकसाहेबांचे शब्द मी घरी जाईपर्यंत विसरते. त्या गाडीच्या आवाजाखालच्या शांततेत मागितलेलं मात्र मला आठवतं.

* * *

आता फुलवंताआजी. सालेकशाकडच्या जंगलातलं तिचं गाव. काठीएवढी अंगकाठी, डोक्यावर पदर, आणि प्रार्थनेत डोळे टक्क उघडे.

पाळकसाहेब म्हणायचे, "आपण डोळे मिटू या." सगळे मिटायचे. आजीचे उघडेच. बरं, बघायची ती पुढं पाळकसाहेबांकडंही नाही, दाराकडं! माझ्या किलकिल्या डोळ्याला हे दिसलं आणि मला राहवेना. एकदा नळावर पाय धुताना विचारलं, "आजी, डोळे का मिटत नाहीस गं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मॅडमला शाळेत घेतलं तरी कोणी!

"कोनी घरी येनार असला तं दाराकडं पाहा लागते का नाही, माय? डोरे मिटून बसली तं आला कवा अना गेला कवा, मले कसं समजन?"

मी आपली पाय धूत राहिले.

आजी यायची नवऱ्याच्या मोपेडवर. दसरूबाबा त्याचं नाव. बाबा आजीला दारापर्यंत सोडायचा आणि स्वतः कडुलिंबाखाली बसायचा. तो ख्रिस्ती नाही. त्याचे देव जंगलातले, वाडवडलांचे. आजीला त्याची अडचण नव्हती आणि त्याला आजीची. फक्त महिला मंडळात "कुणासाठी काय मागायचं" असं विचारलं, की आजीचं ठरलेलं असायचं, "माह्या बुढ्यानं एक डाव आत याव अना माह्याजवर बसाव. बस, बाकी काय नाही."

दर वेळी तेच! शेवटी शेवटी आम्ही विचारायच्या आधीच मान हलवायचो.

* * *

धान निघालं, की आमच्याकडं कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकलं, त्यातलं पहिलं देवापुढं आणायचं. वेदी दिसेनाशी होते. धानाची लोंबं, भोपळे, वाल, नारळ, आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. एका वर्षी ऐन प्रवचनात एका कोंबडीनं वेदीच्या पायथ्याशी अंडं घातलं आणि सगळ्या जगाला ओरडून सांगितलं. सिलासकाका म्हणाले, "पाहा, ताजं दान!"

त्याच वर्षी फुलवंताआजीनं टोपलीभर वाळलेली मोहफुलं आणली. पाळकसाहेब नाशिकचे, द्राक्षांच्या मुलखातले. वाकून वास घेतला आणि चपापले. "आजी, याची तर दारू काढतात ना?"

आजी म्हणाली, "देवानं तं फूलच देल्लं जी. दारू मानूस काढते."

साहेबांनी मान हलवली. पण मन घेईना त्यांचं. शेवटी टोपली आदरानं उचलली आणि बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवली. कडुलिंबाखालच्या दसरूबाबानं ते पाहिलं. उठला, टोपलीजवळ येऊन बसला आणि उपासना संपेपर्यंत शेळ्या हाकलत राहिला. मी बाहेर आले तेव्हा मला म्हणाला, "आत जागा नसन तं इथं ठेवलं, बरं केलं. पन देवाचं हाय, कोनी राखाले तं पायजे."

मला त्याच्याबद्दल कुतूहल वाटायला लागलं ते त्या दिवसापासून.

मग मी खिडकीजवळची जागा धरली. काय दिसावं? शास्त्र वाचताना आत सगळे उभे राहिले, की बाहेर बाबाही उभा! आम्ही बसलो, की तोही बसायचा. मी विचारलं, तर म्हणे, "एवढे लोक उभे हायेत, तं कोनी मोठाच आला असन. मी कायले बसून राहू?"

* * *

हे मी पाळकसाहेबांना सांगितलं आणि त्यांना भरूनच आलं. लगेच बाहेर गेले आणि बाबाचा हात धरून दारापर्यंत घेऊन आले. आजी आतून बघत होती. तिचा चेहरा काय खुलला होता!

बाबानं चपला काढल्या. नळावर पाय धुतले. उंबऱ्यापाशी आला आणि साहेब प्रेमानं म्हणाले, "बाबा, तेवढा डोक्याचा दुपट्टा काढा."

कारण आमच्यात पुरुष देवापुढं डोकं उघडं करतात आणि बाया झाकतात. पाळकसाहेब या बाबतीत पक्के. टोपी, रुमाल, काही चालत नाही.

बाबानं डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्याला हात लावला. काढला नाही.

"बाप मेला तवाच काढलो होतो जी," तो म्हणाला. "तुमचा देव तं जिता हाय ना?"

साहेबांचा खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. हळूच म्हणाले, "बाबा, हा नियम माझा नाही. शास्त्राचा आहे."

"माहाबी माहा नाही. बापाचा हाय."

दोघांचंही खरं! दोघंही देवाचा मानच राखत होते. बाबा हात जोडून मागं फिरला आणि कडुलिंबाखाली जाऊन बसला. आजीनं पदर पुढं ओढला. मला पाळकसाहेबांचा राग आला, आणि बाबाचाही आला. एवढासा दुपट्टा, काढला असता तर काय बिघडलं असतं? आणि तसाच आत येऊ दिला असता, तर काय बिघडलं असतं?

त्यावर महिनोन्‌महिने मंडळीत वाद झाला. सिलासकाका म्हणाले, "नियम तो नियम. सिग्नल पडल्याबगर गाडी सोडता येते का?" माझे मिस्टर म्हणाले, "देवाला वरून डोकं दिसतं की आतलं?" पाळकसाहेब मात्र शास्त्रातलं त्या नियमाचं पान पुन्हा पुन्हा उघडून बसायचे, हे मी पाहिलंय.

* * *

या उन्हाळ्यात आजीच्या पोटात गाठ निघाली. गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. ऑपरेशन मोठं, वय झालेलं, काही सांगता येत नाही म्हणाले. जायच्या आधीच्या रविवारी ती चर्चला आली. मोपेडवर बसवेना म्हणून बाबानं ऑटो केला होता.

पाळकसाहेब म्हणाले, "आज आपण फुलवंताआजीसाठी प्रार्थना करू. आजी, काय मागू?"

आजी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "नवं काय मांगू जी? तेच."

सगळी मंडळी खाली बघायला लागली. साहेबांनी पुस्तक उघडलं, मिटलं, परत उघडलं.

तेवढ्यात नळाचा आवाज आला. कुणीतरी पाय धूत होतं.

दसरूबाबा दारात उभा राहिला. डोक्याला दुपट्टा तसाच, उलट आज नीट घट्ट बांधलेला आणि धुतलेला. सिलासकाका सरकले आणि पुरुषांत जागा केली. एका हातानं त्यांनी जागा दाखवली, दुसरा स्वतःच्या उघड्या टकलाला लावला. म्हणजे, बाबा, तेवढं काढ!

बाबानं उजवीकडं पाहिलं. सगळी डोकी उघडी. मग डावीकडं पाहिलं. सगळी डोकी झाकलेली.

तो सरळ डावीकडं वळला. बायांनी भराभर पाय आवरले. बाबा आमच्या मधून वाट काढत गेला आणि आजीला लागून मांडी घालून बसला.

सिलासकाका ताडकन उभे! "बाबा, ह्या बाया हायेत!"

"मालूम हाय जी," बाबा म्हणाला. "इकडं झाकलेलं डोक्सं चालते ना? मंग मी इकडलाच."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सगळ्यांचे डोळे पाळकसाहेबांकडं. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

मग म्हणाले, "सिलासभाऊ, बसा. ज्याची जागा त्याला सापडली. आपण डोळे मिटू या."

आणि पहिला शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच मालगाडी आली. साहेब थांबले. पत्रे थरथरू लागले. लांबच लांब गाडी, संपेचना. माझा एक डोळा सवयीनं किलकिला झाला.

दसरूबाबाचे डोळे टक्क उघडे होते, समोर वेदीकडं. त्याच्या शेजारी, आता दाराकडं पाठ फिरवून बसलेल्या फुलवंताआजीनं मात्र डोळे मिटून घेतले होते.