थोरल्या जावेचं मत

आमच्या शेजारची इस्त्रीवाली निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान तिच्या टेबलाला लागूनच. बाई फटकळ, पण घरोघरी कपडे पोचवता पोचवता लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि निस्तरायचीही. कुणाचा नळ, कुणाचा दवाखाना. सत्तेतल्या पक्षाने तिला तिकीट दिलं ते काही उपकार म्हणून नाही. तिच्याइतकं ओळखीचं माणूस त्यांच्याकडे दुसरं होतं कुठे?

मागच्या गल्लीत तिची थोरली जाऊ राहायची. याच पक्षाने थोरल्या दिराची टपरी उठवली होती आणि तरीही धाकटीने पक्ष सोडला नाही, म्हणून दोघींत विस्तव जात नव्हता. दर निवडणुकीला जाऊ मुद्दाम टेबलाशी येऊन सांगायची, "दिलं गं बाई तुमच्या विरोधात!" यंदा मात्र तिचा पाय मोडला आणि धाकटीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेत राहिली. बोलणं तेवढ्यास तेवढंच.

मतदान नेहमी जवळच्या शाळेत व्हायचं. मागची गल्ली म्हणजे पक्षाची डोकेदुखी. या खेपेला फक्त त्या गल्लीचं केंद्र पुलापलीकडच्या गोदामात हलवलं. म्हणे शाळेत जागा अपुरी! रिकामे वर्ग मी स्वतः पाहिले. लोक सवयीने ठेवणीतले कपडे घालून शाळेतच आले आणि केंद्र पुलापलीकडे गेल्याचं फाटकातच ऐकून परत फिरले. दुपार कलल्यावर काठी टेकत जाऊही आली, तिलाही तेच सांगितलं.

इस्त्रीवाली शाखाप्रमुखावर उखडली. "त्या लोकांना गाडी द्या आधी!"

"गाडी आपल्या माणसांसाठी आहे, ताई. ते काय आपल्याला मत देणारेत?"

"नाही देणार, तर मी पडेन."

"पडायला तिकीट दिलंय होय?"

ती स्वतः रिक्षा शोधून जावेच्या दारात पोचली, तोवर मतदानाची वेळ संपली होती.

निकाल दणदणीत लागला. मी म्हणालो, "एवढ्या फरकाने आलात, केंद्र हलवलं नसतं तरी आलाच असतात."

"मग हलवलं कशाला?" ती माझ्यावरच खेकसली. "आता मला लोकांनी निवडलं की यांनी, हे मी कुणाला विचारू?"

खरं सांगतो, त्या शाखाप्रमुखाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी ती जावेकडे निघाली, मलाही ओढून नेलं. एकटीने जायची तिची छाती होत नव्हती. जावेने दार उघडलं.

"माझं चुकलं, जाऊबाई," धाकटी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "माझ्या विरोधात मत द्यायचा तुमचा हक्क होता."

"विरोधात कोण देणार होतं?" जाऊ म्हणाली. "उभ्या जन्मात पहिल्यांदा तुला द्यायला निघाले होते. तुझ्या लोकांनी विचारलं असतं, तर सांगितलं असतं की."

इस्त्रीवाली तिथेच पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली.