हलगी आणि जपानी ढोल

“पोरगी मोठ्या घरची दिसती, इंग्रजी कसं फाडफाड बोलती बघा,” कॅसेट काढणारे अण्णा माझ्या पाठीमागं कुणाला तरी म्हणाले. उसाचं पाचट जळाल्याचा वास आला की अजून तो दिवस आठवतो. ऐंशीच्या सुमारास बेळगावात एका जपानी ढोलवादकाची आणि निपाणीकडच्या हलगीची मिळून कॅसेट निघत होती, आणि मी दुभाषी होते. हलगीवरून लोक जात ओळखायचे, म्हणून ती वाजवणारे माझे वडील आहेत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रेकॉर्डिंगच्या हॉलमागं पाचट पेटवून ते हलगीचं कातडं ताणायला ती शेकत होते. मी जवळ गेले, तर खाली बघत म्हणाले, “म्याडम, लांब थांबा, धूर लागंल.” रेकॉर्डिंगला हलगी अशी कडाडली की जपानी पाहुण्यानं आपल्या काठ्या खाली ठेवल्या आणि तो नुसता ऐकत राहिला. मग कव्हरवर छापायला त्यानं वडिलांचं नाव विचारलं. मी त्याचा प्रश्न मराठीत सांगितला, तर अण्णा हसले, “हलगीवाला लिवा, बास की!” वडिलांनीही घाईनं होकारार्थी मान हलवली. नाव सांगितलं असतं तर आमचं एकच आडनाव सगळ्यांना कळलं असतं. तरी मी वडिलांकडं वळून म्हणाले, “आप्पा, पूर्ण नाव सांगा. आडनावासकट.”